कायमचा पट्टा

पथ्रोटच्या बसथांब्यामागे, टिनाच्या शेडात
अवद चाऊस फवारणीचे पंप दुरुस्त करतो.
नोझल फुंकतो, वायसर बदलतो,
खांद्याचा तुटका पट्टा जाड दोऱ्यानं शिवतो,
आणि गिऱ्हाईक नसलं की मला हाक मारतो,
"गुल्हानेबुवा, या. कागद पाहाचा हाये."

मी अचलपूर तहसिलीत एकतीस वर्षं
रेकॉर्डखोलीत काढली.
वाळवीची भाषा मला येते. अरबी नाही.
त्यालाही नाही. त्याची अरबी नमाजापुरती,
बाकी सगळं आमचंच:
काऊन, कुठी, लय झालं.

पणजा त्याचा शिहरच्या किनाऱ्यावरून आला,
कमरेला जंबिया,
निजामाच्या नोकरीत, एलिचपुरी.
भाऊ मागे राहिला मुकल्ल्यात, जाळी विणत.
पत्र त्या भावाच्या घरून.
वास अजून सुक्या मासळीचा, असं अवद म्हणतो.
मला तर ग्रीसचाच येतो.

तिकिटावर फेटेवाला सुलतान
आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं: एडन.
"राजा खाली, न् दुसऱ्याचं गाव वर?"
मी म्हणतो, सातबारा असाच असते बापा.
मालकाचं नाव मोठं.
वाचाचा असते तो शेवटचा रकाना,
इतर हक्क.

बाळापूरच्या एका मौलवीनं अर्थ लावून दिला होता,
मी पेन्सिलीनं उतरवला, पाकिटाच्या पाठीवर:
आजाच्या काळी सुलतानानं साहेबाला लिहून दिलं,
तुमच्या विचाराशिवाय जमीन विकणार नाही,
गहाण टाकणार नाही, दान देणार नाही,
परक्या राजाला चिठ्ठीही धाडणार नाही.
बदल्यात साहेब राखण करील.
"कोनापासून?"
ते पत्रात नव्हतं.

त्या सुलतानाचं घराणं हैदराबादेत जमादार.
इकडच्या पगारावर तिकडचे बुरूज उभे राहिले.
आणि निजामाचा पगार कुठून?
थोडा तरी वऱ्हाडच्या साऱ्यातून.
"म्हंजे आपल्या पराटीनं मुकल्ल्याची भित बांधली?"
असंल. नोंद नाही.

मग मी त्याला आमचा कागद सांगतो.
वऱ्हाड, साहेबाला, पट्ट्यानं, कायमचं,
सालाचे पंचवीस लाख.
मालक निजामच, बरं का.
वर्षातून एकदा, त्याच्या वाढदिवशी,
अमरावतीत त्याचं निशाण चढायचं.
उरलेले दिवस
मालकी हैदराबादेत, कापूस मुंबईला.
अवद इतका हसतो की वायसर हातातून निसटते
आणि आम्ही दोघं म्हातारे
धुळीत गुडघ्यावर ती शोधत बसतो.

"कायमचं म्हंजे किती?"
मी बोटं मोडतो. आमचं पंचेचाळीस वर्षं.
तिकडचं त्याहून लांबलं, एकोणऐंशी.
शेवटचा सुलतान जहाजातून परतला
तर बंदरावर दुसऱ्यांच्या बंदुका,
आणि राखणदार
एडनला सामान बांधत होता.
त्या साली पत्रं थांबली.
एका काकाचं नाव विचारायचं राहिलं,
आता ते कुणालाच माहीत नाही.

धोटेंची सुलभा पंप घेऊन येते,
पाठीवर औषधाचा निळा ओघळ.
"चाचा, पट्टा कायमचा शिवून द्या आता."
अवद माझ्याकडे पाहत नाही.
सुई मेणातून ओढतो.
"कायमचा नसते बाई. दोन हंगाम.
न् औषध गळत असंल तं आंगावर घेऊ नको,
पयले मले दाखव."

दोरा दातानं तोडतो.
पत्र पुन्हा नोझलच्या डब्याखाली.
परतवाड्याची बस येते, मी उठत नाही.